बस थांबवणार कोण?

शाळेच्या बसमध्ये काय काय बसवलेलं आहे, याची यादी हल्ली प्रवेशाच्या माहितीपत्रकातच छापून येते. जीपीएस, कॅमेरे, वेगनियंत्रक, पालकांच्या फोनवर ॲप. पालक ॲप उघडतात, नकाशावर सरकणारा ठिपका बघतात आणि निर्धास्त होतात. ठिपका खरा असतो, पण तो बसचा असतो. आपलं मूल त्या बसमध्ये चढलं का, उतरलं का, उतरून रस्त्याच्या पलीकडे नीट पोचलं का, ड्रायव्हर रात्री किती झोपला होता, यातलं काहीच त्या ठिपक्याला ठाऊक नसतं. कॅमेऱ्याची गत फारशी वेगळी नाही. त्यातलं चित्रण रोजच्या रोज बघायला कुणी बसलेलं नसतं. काही घडलं की ते काढून पाहिलं जातं आणि पुढे पोलिसांच्या कामी येतं.

या वस्तू नकोत असं मी म्हणत नाही. पण सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. काहीतरी चुकतंय हे कुणाच्या लक्षात आलं, तर ती बस जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि तसं लक्षात येण्याइतकी सवड बसमधल्या कुणाला दिलेली आहे? शाळा कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर घड्याळाकडे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. बस हे मुळात शाळेत जायचं धोकादायक साधन नाही, उलट आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबाने तिथल्या मुलांसाठी शाळेची बस मोटारीपेक्षा सुमारे ७० पट सुरक्षित आहे. हे आपोआप झालेलं नाही. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिक्षणतज्ज्ञ फ्रँक सायर यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि तिथे बसच्या बांधणीचे ४४ निकष ठरले. शाळेच्या बसचा पिवळा रंग हा त्यातलाच एक. पहाटेच्या अंधुक उजेडात तो लांबून दिसतो आणि त्यावर काळी अक्षरं उठून दिसतात, म्हणून तो निवडला. पुढे १९७७ पासून तिथे बसच्या आसनांचेही नियम आले: पाठ उंच हवी, मागून-पुढून गादी हवी आणि आसनं जवळजवळ हवीत, म्हणजे समोरून धडक बसली तर मूल लांब फेकलं न जाता पुढच्या गादीवर आदळेल. ही युक्ती साधी आहे आणि समोरच्या धडकेत चांगली चालते. बस उलटली किंवा बाजूने ठोकर बसली, तर मात्र तिचा उपयोग फारसा होत नाही. म्हणूनच आता मोठ्या बसमध्येही खांद्यावरून येणारे पट्टे हवेत अशी मागणी होते, आणि ती मला पटते.

पण पट्ट्यांवर भांडण्याआधी एक बघा. बसशी संबंधित अपघातांत मुलं दगावतात ती पुष्कळदा बसच्या बाहेर. बसमधून उतरल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट हा सगळ्यांत नाजूक वेळ असतो, आणि त्या वेळात मुलाकडे बघायला बहुतेक बसमध्ये कुणीच मोकळं नसतं.

तो प्रसंग जरा जवळून पाहा. बस थांबते, दार उघडतं. सहा वर्षांचं मूल पाठीवर त्याच्याच मापाचं दप्तर घेऊन पायऱ्या उतरतं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात शाळेत केलेली कागदी होडी. शेवटची पायरी उंच असते, म्हणून ते दांडी धरून जवळजवळ उडीच मारतं. दप्तराचा लोंबता पट्टा दांडीत किंवा दाराच्या फटीत अडकू शकतो. जाकिटाच्या नाड्या अशा अडकून मुलं फरफटत गेल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर अमेरिकेत हजारो बसच्या दांड्या बदलाव्या लागल्या. समजा मूल नीट उतरलं. मग वाऱ्याने होडी उडते आणि बसच्या नाकासमोर पडते. मूल वाकतं. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, त्याच्यासमोर इंजिनाचा पुढचा भाग किंवा काचेखालची पट्टी असते, आणि वाकलेलं मूल त्याला दिसणं शक्यच नसतं. आरशात तो मागून येणारी वाहनं बघत असतो, कारण त्याला निघायचं असतं. दार बंद होतं आणि गिअर पडतो.

या दोन-चार सेकंदांत जीपीएस, कॅमेरा, ॲप यातलं काहीही कामाला येत नाही. कामाला येते ती मुलांना सांभाळणारी बसमधली ताई, पण ती मुलाच्या आधी खाली उतरलेली असेल तरच. दारातून हात देणारी नाही, उतरून रस्त्यावर उभी राहणारी. मूल पलीकडे पोचेपर्यंत ड्रायव्हरने तिच्याकडे बघायचं आणि तिने हात वर केल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, एवढा एक नियम असला तरी वर सांगितलेला प्रसंग टळतो. काही देशांत बसच्या पुढच्या टोकाला एक आडवी दांडी असते, दार उघडलं की ती बाहेर फिरते आणि मुलाला बसला खेटून न जाता लांबून वळसा घालायला लावते, म्हणजे ते ड्रायव्हरच्या नजरेच्या टप्प्यात येतं. मला ही दांडी कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी शहाणी वाटते. तीन मीटरच्या आत बसजवळ रेंगाळायचं नाही, काही पडलं तर उचलायचं नाही, आधी ताईला किंवा काकांना हाक मारायची, हे मुलांना दर सत्राच्या सुरुवातीला बसजवळ नेऊन शिकवायला हवं. वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं मूल विसरतं. एकदा ड्रायव्हरच्या जागेवर बसून ‘समोर उभा असलेला मित्र दिसत नाही’ हे पाहिलेलं मूल सहसा विसरत नाही.

बाकी रस्त्यावरच्यांचा भरवसा धरू नये. शाळेच्या बसचा लाल ‘थांबा’ फलक बाहेर आला की दोन्हीकडची वाहनं थांबलीच पाहिजेत, असा कायदा अमेरिकेतल्या राज्यांत आहे, आणि तो तिथे लहानपणापासून शिकवला जातो. तरीही २०१९ मध्ये तिथल्या १ लाख ३० हजारांवर बसचालकांनी एका दिवशी नोंद ठेवली, तेव्हा त्या एकाच दिवसात ९५ हजारांहून जास्त वाहनं बेकायदा पुढे गेलेली आढळली. जिथे असा कायदा नाही किंवा असूनही कुणाच्या खिजगणतीत नाही, तिथे काय चित्र असेल याची कल्पना केलेली बरी. म्हणून मुलांना रस्ता ओलांडावाच लागणार नाही अशा बाजूला थांबा ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. त्यासाठी बसला थोडा वळसा पडतो, पाच-सात मिनिटं जास्त लागतात. वेळापत्रक आखणारा नेमकी तीच मिनिटं वाचवतो.

दुसरा धोका बस थांबल्यानंतरचा, मूल आतच राहून जाण्याचा. ऐकताना अशक्य वाटतं. एवढं मूल राहीलच कसं? पण लहान मूल बसच्या हेलकाव्यांनी झोपतं, आसनावर आडवं होतं आणि पुढून बघणाऱ्याला फक्त आसनांच्या उंच पाठी दिसतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे ११ अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये जपानमधल्या माकिनोहारा शहरात तीन वर्षांची एक मुलगी अशीच बालवाडीच्या बसमध्ये राहिली आणि गेली. त्या घटनेचा तपशील वाचताना जाणवतं की चूक एकाची नव्हती. नेहमीचा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून बालवाडीचे प्रमुख स्वतः बस चालवत होते. उतरताना मुलं मोजली गेली नाहीत. आत मूल उरलं आहे का, हे कुणी मागपर्यंत जाऊन पाहिलं नाही. हजेरीच्या संगणकीय नोंदीत ती आलेली दिसत होती. वर्गात ती नाही हे शिक्षिकेच्या लक्षात आलं, पण घरी फोन गेला नाही. म्हणजे चार ठिकाणी कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं, आणि चारही ठिकाणी प्रत्येकाने ‘दुसऱ्याने पाहिलं असेल’ असं धरलं. त्यातलं यंत्र तर चक्क चुकीचं आश्वासन देत होतं.

यावर जपानने जे केलं त्यातून शिकण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ पासून अशा बसमध्ये मूल आत राहू नये यासाठीचं सुरक्षा उपकरण सक्तीचं झालं. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये अशाच एका मृत्यूनंतर कायदा बदलला आणि २०१९ पासून बसच्या शेवटच्या आसनाजवळ बटण आलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की भोंगा वाजू लागतो, आणि तो थांबवायचा तर बसच्या शेवटापर्यंत चालत जाऊन बटण दाबावं लागतं. जाताना दोन्ही बाजूंची आसनं नजरेखालून जातातच. म्हणजे यंत्रांना माझा सरसकट विरोध आहे असं कुणी समजू नये. हे यंत्र मला आवडतं, कारण ते माणसाचं काम स्वतःच्या अंगावर घेत नाही, ते काम माणसाकडून करून घेतं. ॲपवर ‘तुमचा पाल्य शाळेत पोचला’ असा संदेश आपोआप पाठवणारं यंत्र याच्या अगदी उलट वागतं. कार्ड दाराशी टेकवलं गेलं एवढंच त्याला कळतं, आणि मूल पोचलं असं ते सांगून मोकळं होतं.

ज्यांच्या बसमध्ये असं बटण नाही, त्यांना एक पाटी पुरते. ‘बस रिकामी आहे’ अशी पाटी फेरी संपल्यावर मागच्या काचेला लावायची आणि फेरी सुरू होताना काढायची. ती लावायला मागे जावंच लागतं. खर्च जवळपास शून्य. तरी ती फार कमी ठिकाणी दिसते, बहुधा माहितीपत्रकात ती शोभत नाही म्हणून.

आता ड्रायव्हरकडे येऊ. शाळेच्या बसचा अपघात झाला की पहिली बातमी ड्रायव्हरच्या अटकेची असते. दारू पिऊन किंवा बेफाम चालवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्या अटकेने पुढचे प्रश्न बंद होतात, हे मला जास्त गंभीर वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये हरियाणात कनीनाजवळ शाळेची बस झाडावर आदळून उलटली आणि सहा मुलं गेली. सुट्टीचा दिवस होता, तरी शाळा भरलेली होती. बसच्या फिटनेस प्रमाणपत्राची मुदत २०१८ मध्येच संपली होती असं पुढे आलं. आणि बातम्यांत आलेली सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की अपघाताआधी वाटेतल्या गावकऱ्यांनी ड्रायव्हरची अवस्था पाहून बस अडवली होती, किल्ली काढून घेतली होती, शाळेला फोनही केला होता. उद्या ड्रायव्हर बदलू, आता जाऊ द्या, असं सांगण्यात आलं आणि किल्ली परत गेली.

हजारो मैलांवरचं दुसरं उदाहरण. नोव्हेंबर २०१६, अमेरिकेतलं चॅटनूगा. ३७ मुलांना घेऊन निघालेली बस ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ५० च्या वर धावत होती, ड्रायव्हर फोनवर होता. सहा मुलं गेली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत ड्रायव्हरच्या वेगाबरोबर आणखी दोन कारणं नोंदवली गेली: कंत्राटदार कंपनीची देखरेख नव्हती, आणि या ड्रायव्हरबद्दल आधीच आलेल्या तक्रारींचं पुढे काय झालं हे शाळा विभागाने पाहिलं नाही. बस वेगात जाते हे मुलांनी, पालकांनी, शाळेतल्या माणसांनी अपघाताच्या आधी सांगितलेलं होतं.

दोन्ही ठिकाणी धोका दिसलेला होता. दाखवणारी माणसंही होती. एका ठिकाणी तर किल्ली हातात आली होती. कमी पडला तो ‘ही बस आता पुढे जाणार नाही’ असं म्हणणारा आणि त्यासाठी नोकरी किंवा कंत्राट जाणार नाही याची खात्री असलेला एक माणूस.

याची दुसरी बाजू पालकांनी ऐकायला हवी. बस दहा मिनिटं उशिरा आली तर फोन खणखणू लागतात, गटावर संदेश पडतात, संध्याकाळपर्यंत कंत्राटदाराला जाब विचारला जातो. बस रोज दहा मिनिटं लवकर येते, म्हणजे ती कुठेतरी वेगात येते, याची तक्रार कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उशिराच्या तक्रारीला पक्की वाट आहे, वेगाच्या तक्रारीला नाही, आणि ड्रायव्हरला हे नेमकं ठाऊक असतं. त्यातून तो जे शिकतो ते त्याला आपण सगळे मिळून शिकवतो. पुन्हा ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ‘कुठे पोचलात?’ असं विचारणारा एखाद्या आईचा किंवा बाबांचा फोन आला, ड्रायव्हरने पडद्यावर दोन सेकंद नजर टाकली, तर बस तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेली असते, कुणीही समोर न बघता. ड्रायव्हरचा नंबर पालकांकडे असूच नये. ताईचा असावा.

त्याच्या कामाचा दिवस कसा असतो हेही बघावं. सकाळी दोन-तीन तास, दुपारी दोन-तीन तास, मधला वेळ बिनपगारी किंवा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवर. पगार बेताचा, कारण कंत्राट सगळ्यांत कमी दराच्या निविदेला गेलेलं. मागे चाळीस मुलांचा कल्ला, त्यात दोघांची मारामारी, एकाला उलटी. ताई नसेल तर हे सगळं त्याने आरशात बघून सांभाळायचं आणि रस्ताही बघायचा. पहाटे उठून कामाला लागलेला आणि दुपारी दुसरीकडे राबून आलेला माणूस तिसऱ्या फेरीला पेंगत असेल, तर त्यात नवल काय? मुलांच्या आयुष्याची जबाबदारी ज्याच्या हातात द्यायची, त्याला दिवसाच्या मध्ये झोपायला जागा आणि त्या तासांचा मोबदला मिळायला हवा. हा मुद्दा ‘कर्मचारी कल्याण’ या सदरात टाकून बाजूला सारला जातो, तिथेच सगळं बिनसतं.

आगीचा विषय थोडक्यात, पण सोडून चालणार नाही. मे १९८८ मध्ये अमेरिकेत केंटकीमधल्या कॅरोल्टनजवळ एका मद्यधुंद चालकाची गाडी एका बसवर आदळली. शाळेची जुनी बस होती, चर्चच्या सहलीवर गेलेली. २७ जण गेले. धडकेने नाही, फुटलेल्या इंधनटाकीच्या आगीने आणि धुराने. पुढचं दार आगीने अडलं, अरुंद वाटेतून सगळे मागच्या दाराकडे धावले आणि तिथे एकमेकांवर पडले. ती बस १९७७ चे नवे सुरक्षा नियम लागू होण्याच्या काही दिवस आधी तयार झाली होती. थायलंडमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये सहलीच्या बसला लागलेल्या आगीत मुलं आणि शिक्षक मिळून २३ जण गेले, तेव्हाही बाहेर पडायचा मार्गच कळीचा ठरला. आणीबाणीचं दार प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा तरी स्वतः उघडून, त्यातून खाली उतरून पाहिलं पाहिजे. अग्निशामक नळकांडं लावलंय, त्यावर तारीख आहे, एवढ्यावर तपासणी संपते. ते दार गंजून बसलंय का, त्यापुढे जास्तीचं आसन टाकलंय का, दहा वर्षांच्या मुलाच्या ताकदीने खटका फिरतो का, हे कागदावर कळत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. खर्च वाढला की बसचं शुल्क वाढतं, आणि शुल्क वाढलं की पालक मुलांना बसमधून काढतात. मग तीच मुलं दुचाकीवर तिघं बसून किंवा कोंबून भरलेल्या छोट्या गाडीतून जातात, जिथे ना ताई, ना पट्टा, ना दुसरं दार. बस इतकी सुरक्षित करून ठेवायची की ती परवडूच नये, हा व्यवहार आतबट्ट्याचा. म्हणूनच सगळं एकदम मागण्यापेक्षा क्रम लावावा. माझा क्रम असा: प्रत्येक बसमध्ये प्रशिक्षित ताई, चढताना-उतरताना मोजणी आणि फेरीअखेर मागपर्यंत चालणं, रस्ता ओलांडावा लागणार नाही असे थांबे, गैरहजर मुलाच्या घरी पहिल्या तासाच्या आत फोन. मग नवीन बस घेताना पट्टे. कॅमेरे आणि ॲप त्यानंतर, पैसे उरले तर. यातल्या पहिल्या चार गोष्टींपैकी पैसा लागतो तो मुख्यतः ताईच्या पगाराला. बाकी तिन्हींना लागते ती शिस्त आणि थोडी मिनिटं. ॲपच्या वार्षिक शुल्कातून पगाराचा काही भाग निघेल का, हे प्रत्येक शाळेने आपल्या हिशेबात बघावं.

आणि अधिकाराचं काय? तो लेखी हवा. ड्रायव्हरच्या तोंडाला वास येतोय, ब्रेक नीट लागत नाहीत, ठरल्यापेक्षा जास्त मुलं चढली आहेत, यांपैकी काहीही दिसलं तर ताईने किल्ली काढून घ्यायची आणि शाळेतल्या एका ठरलेल्या, नाव माहीत असलेल्या व्यक्तीला फोन करायचा. त्या व्यक्तीने ‘आजचा दिवस जाऊ द्या’ असं म्हणायची मुभाच नको. ताई कंत्राटदाराच्या पगारावर असेल, तर ती कंत्राटदाराच्या ड्रायव्हरला अडवणार नाही. तिचा पगार शाळेने द्यावा. तक्रार मुलाने केली तरी ती नोंदवून घ्यावी, कारण बसमध्ये रोज, सगळ्या फेरीभर हजर असणारं आणि कुणाचं मिंधं नसलेलं तेच एक आहे.

पण किल्ली काढून घेतल्यावर पुढच्या क्षणी चाळीस मुलं रस्त्यावर उभी असतात, आणि इथेच सगळे लेखी अधिकार कोलमडतात. राखीव ड्रायव्हर नसेल तर शाळेतला माणूस त्या फोनवर ‘जाऊ द्या’ असंच म्हणणार, कितीही मनाई असली तरी. तेव्हा पालकसभेत कॅमेऱ्यांची संख्या विचारण्यापेक्षा हे विचारावं: सकाळी साडेसहाला ड्रायव्हर उतरवावा लागला, तर त्याच्या जागी येणारा माणूस कोण, तो किती मिनिटांत पोचतो, तोवर मुलांजवळ कोण थांबतं, आणि गेल्या वर्षभरात हे प्रत्यक्ष करून पाहिलं होतं का. आणि त्या बसमधली मुलं तासभर उशिरा पोचली, तर त्यांच्या वहीत उशिराचा शेरा पडणार नाही, हेही त्याच सभेत लिहून घ्यावं.